राहुकाळातली सही

आमच्या आप्पांना ‘नाही’ म्हणता येत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, वैतागून सांगतेय. राजाजीनगरात आमचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, आणि दुकानात बसून ‘नाही’ म्हटलं की लक्ष्मी पाठ फिरवते, असं आजोबांनी त्यांच्या डोक्यात लहानपणीच घालून ठेवलंय. मग कुणी मोठं इडलीपात्र मागितलं आणि ते दुकानात नसलं, की आप्पा म्हणतात, “सोमवारी येतंय बघा.” गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि सोमवारी येऊन चिडतं. हीच सवय त्यांनी घरीही आणली. दहावीनंतर मी सायकल मागितली तेव्हा “दसरा होऊ दे” म्हणाले. कुठला दसरा ते काही बोलले नाहीत.

तर पीयूसीची, म्हणजे तुमच्याकडच्या बारावीची परीक्षा संपली आणि मी म्हटलं, “आप्पा, मला शेतकी विद्यापीठात जायचंय,” तेव्हा ते म्हणाले, “बघू या की. मार्क तर येऊ देत.” आणि मी, जन्मापासून या माणसाच्या घरात राहून, ते ‘हो’ समजले. बावळटच की नाही?

शेतकी कशाला, असं सगळ्यांनी विचारून झालंय. आमच्या घरासमोर तुळससुद्धा डालड्याच्या डब्यात आहे. पण देवनहळ्ळीला सयाजीमामाची द्राक्षाची बाग आहे आणि प्रत्येक सुट्टीत मी तिथं पडीक. एका वर्षी वेलींवर केवडा रोग पडला. पानं पिवळी होऊन गळायला लागली, मामा कपाळाला हात लावून बसला. तेव्हा विद्यापीठाच्या एक बाई जीपमधून आल्या. त्यांनी एक पान उलटं करून मला दाखवलं, मागच्या बाजूला पांढरी बुरशी होती. मोरचूद आणि चुना कसा कालवायचा, कधी फवारायचा, सगळं सांगून त्या गेल्या आणि अर्धी बाग वाचली. मला त्या बाई व्हायचं होतं. जीपसकट.

मार्क आले. बरे आले. बेंगळूरच्या शेतकी विद्यापीठाला पुरावेत इतके नाही, पण धारवाडला पुरतील असे. धारवाड म्हणजे रात्रभराची गाडी, हॉस्टेल, चार वर्षं. हे ऐकल्याबरोबर आप्पांचे थोरले भाऊ सुब्बाराव घरी येऊन बसले. आम्ही बेंगळूरचे मराठे. आमचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आले आणि परत जायचं त्यांचं राहून गेलं. त्यामुळे थोरल्या काकांना आम्ही इथल्यासारखं दोड्डप्पा म्हणतो आणि भांडण मात्र त्यांच्याशी मराठीत करतो.

“युनिव्हर्सिटी ही कॉलेज संपल्यावर जायची जागा,” दोड्डप्पा म्हणाले. “ही पोरगी उलटी निघालीय. अगं मथुरा, घरापासून दोन स्टॉपवर बायकांचं कॉलेज आहे. बी.कॉम. कर. संध्याकाळी घरी, रात्री आईच्या हातचं जेवण. मी बोलून ठेवलंय तिथं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत तुझी जागा धरतो म्हणालेत.”

“मला विचारून बोललात का, दोड्डप्पा?”

“विचारतोय की आता.”

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, “दोन्ही बघू या की.” आईकडं बघितलं तर ती म्हणाली, “तुझे आप्पा काय म्हणतात बघ.” अशा घरात माणसानं भांडायचं तरी कुणाशी!

त्या महिन्यात माझं पोट ठिकाणावर नव्हतं. दोन घास खाल्ले की गोळा यायचा. प्रत्येक रात्री मी धारवाडच्या जागा मनात मोजायची, माझ्या पुढं किती मुलं आहेत ते मोजायची, त्यातली किती बेंगळूरला चिकटतील ते मोजायची, आणि हिशेब दर वेळी वेगळा यायचा. आईला वाटलं कावीळ झाली. तिनं मला लिंबाचा रस पाजला.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत म्हणजे नावालाच. आपला नंबर आला की आत जायचं, उरलेल्या जागांतली एक निवडायची आणि सही करायची. अठरा पूर्ण नसली तर वडिलांची सही. शुक्रवार, सकाळी साडेदहा. दोड्डप्पांना कॅलेंडर बघावंच लागलं नाही.

“शुक्रवारी साडेदहा ते बारा!” ते जवळजवळ आनंदानं म्हणाले. “राहुकाळ!”

पुण्यामुंबईच्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडं आठवड्याच्या प्रत्येक दिवशी दीड तास राहूचा असतो. त्या दीड तासात कुणी नवं काम सुरू करत नाही. जागा बघायला जात नाहीत, मुलगी बघायला जात नाहीत, सही तर कशावरच करत नाहीत. आमच्यात हे कानडी शेजाऱ्यांकडून आलं आणि आता आम्ही त्यांच्याहून कडक झालोय.

या वेळी आईनंच तोड काढली. “लवकर निघा,” ती म्हणाली. “राहुकाळ लागायच्या आधी घराबाहेर पडलं की काम सुरू झालं. मग काही नाही.” आप्पांनी मान हलवली. दोड्डप्पा तोंड वाकडं करून बसले. मला इतकं हायसं वाटलं की त्या रात्री मी चक्क दोनदा भात घेतला.

शुक्रवारी आम्ही आठलाच बाहेर पडलो. आईनं हातावर दही दिलं. बसनं मॅजेस्टिकला उतरलो आणि तिथून चालत एका सरकारी इमारतीत गेलो. मोठा हॉल, पत्र्याच्या खुर्च्या, मुलं आणि त्यांचे आईबाप. समोर एक काळा फळा होता. त्यावर गावांची नावं आणि पुढं उरलेल्या जागा खडूनं लिहिलेल्या. आतून कुणी जागा घेऊन बाहेर आलं की एक माणूस डस्टरनं आकडा पुसायचा आणि खालचा लिहायचा. बेंगळूरसमोर आम्ही पोचलो तेव्हाच शून्य होतं. धारवाडसमोर सात.

“सात आहेत आप्पा,” मी म्हटलं.

“हं. आहेत की,” ते म्हणाले.

भोंग्यावरून नंबर पुकारत होते. दारातल्या शिपायानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नंबर चुकला तरी रद्द होत नाही, नंतर आत गेलं तरी चालतं, पण तेव्हा जे उरलं असेल तेच मिळेल. आप्पांनी यातलं पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलं की नाही देव जाणे.

माझा नंबर अकराच्या सुमाराला पुकारला. मी ताडकन उठले. आप्पा उठले नाहीत.

“बस,” ते म्हणाले. “स्वल्प थांब.”

“नंबर आला, आप्पा!”

“राहुकाळ चालू आहे.”

“पण आपण आठला निघालो ना? आई म्हणाली की...”

“निघणं वेगळं आणि सही वेगळी. सही म्हणजेच खरी सुरुवात. नंबर जात नाही म्हणाला ना तो? बारा वाजले की जाऊ आत.”

मी बसले. दुसरं काय करणार? सही त्यांची लागत होती. फळ्यावर धारवाडसमोर आता पाच होते. दोन वेण्यांची एक मुलगी हसत बाहेर आली, तिच्या आईनं तिचा गालगुच्चा घेतला, आणि डस्टरवाला उठला. चार. त्या मुलीचा मला असा राग आला म्हणून सांगू! तिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं, पण तिच्या वेण्या ओढाव्याशा वाटल्या. त्यानंतर जो आत जाईल त्याला मी मनातल्या मनात विनवत होते, रायचूर घे रे बाबा, रायचूरची हवा फार छान असते. रायचूर म्हणजे नुसती भट्टी, पण मला काय त्याचं. एकानं घेतलं रायचूर. मी त्याला दुवा दिला. पुढच्यानं धारवाड घेतलं. तीन.

घामानं माझ्या हातातलं बोलावणं मऊ झालं होतं. आप्पा शांत बसले होते. अगदी शांत. दुकानात माल उतरताना एखादी परात वाजली तरी हा माणूस दचकतो, आणि इथं पोरीची जागा पुसली जातेय तर खुर्चीला पाठ टेकून बसलाय. ते बघून माझ्या डोक्यात काहीतरी टोचलं.

शुक्रवार हा आमच्या दुकानाचा मोठा दिवस. लग्नाच्या भांड्यांची गिऱ्हाईकं शुक्रवारीच येतात आणि नेमकी अकराच्या पुढं येतात. मी सुट्टीत दुकानात बसलेय, मला माहीत आहे. मागच्याच महिन्यात एक बाई नव्या संसाराची अख्खी भांडी घ्यायला भर राहुकाळात आली होती, तेव्हा आप्पांनी तिला बारापर्यंत थांबवलं नव्हतं. “दुकान सकाळी उघडलं तेव्हाच सुरुवात झाली,” असं ते मला म्हणाले होते, “हे नुसतं पुढं चालू.” राहूला ते नेहमीच असे गुंडाळतात. मग आजच का त्याचं एवढं भय?

आणि मला कळलं. हे इडलीपात्र होतं. सोमवारी येतंय बघा.

“आप्पा,” मी म्हटलं, “तुम्हाला मला पाठवायचंच नाहीये.”

“असं कुठं म्हटलं मी?”

“म्हटलंच नाही! तेच तर! तुम्ही कधी म्हणतच नाही. जागा संपेपर्यंत इथं बसायचं आणि मग सगळं राहूच्या माथी मारायचं. मग उद्या दोड्डप्पांबरोबर त्या कॉलेजात. हो ना? खरं सांगा.”

माझा आवाज चढला असणार, कारण पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या. “ए, गलाटे बेडा!” गोंगाट नको म्हणून शिपाई दारातून ओरडला. मी आवाज खाली आणला, पण थांबले नाही.

“नको असेल तर नको म्हणा, आप्पा. मी रडणार नाही.” मी ओढणीनं नाक पुसलं. “पण एकदा तोंडानं म्हणा. मला टांगून ठेवू नका.”

आप्पांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, परत काढला.

“प्रेमा दिवाळीला आली होती,” ते म्हणाले.

प्रेमा माझी थोरली बहीण. पुण्याला दिलेली.

“तिचं इथं काय?” मी म्हटलं.

“मी तुझ्या आईला म्हटलं, भाजीत मीठ स्वल्प जास्त झालंय. तर माझं ‘स्वल्प’ ऐकून ती नवऱ्याकडं बघून हसली. म्हणाली, आमच्याकडं असं नाही बोलत. आमच्याकडं म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला विचारते, आप्पा, पाणी घेऊ का? आपल्या घरात, मथुरा. माठ कुठं आहे ते तिला माहीत नाही का? तो माठ आणायला तीच माझ्याबरोबर आली होती.” ते थांबले. “पाहुणी झाली ती. चांगली आहे, सुखात आहे, पण पाहुणी झाली. तिला लग्न करून दिलं, ते तर करावंच लागतं. तुला मी माझ्या हातानं सही करून पाहुणी करू?”

मला राग आला होता आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासा वाटत होता.

“मी नाही होणार पाहुणी.”

“तीपण स्टेशनवर हेच म्हणाली होती,” आप्पा म्हणाले.

इतका वेळ मला जागा जाईल याची भीती वाटत होती. आता पहिल्यांदाच जागा मिळेल याचीही वाटली. मी प्रेमाला हसले होते त्या दिवाळीत, तिची नक्कल करून आईला दाखवली होती. चार वर्षांनी माझी नक्कल कोण करणार होतं? पण पान उलटं करणाऱ्या त्या बाई डोळ्यासमोरून हलायला तयार नव्हत्या, आणि बी.कॉम.चा विचार केला की श्वास कोंडत होता. नको ते सगळं एकाच वेळी खरं वाटत होतं.

डस्टरवाला उठला. बोलता बोलता दोनही पुसले गेले होते, आता धारवाडसमोर एक.

“एक, आप्पा,” मी म्हटलं.

त्यांनी फळ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं. बारा वाजायला अजून बराच अवकाश होता.

“सरी, ठीक आहे,” मी म्हटलं. “चला आत. साहेबांना तुम्हीच सांगा, नको म्हणून. मी एक शब्द बोलणार नाही. शप्पथ.”

मी उठून चालायला लागले. मागं बघितलं नाही. दारापाशी पोचले तेव्हा मागून त्यांच्या चपलांचा आवाज आला.

आत लांब टेबल होतं. मधोमध एक टकले साहेब, शेजारी टाईपरायटरवर एक बाई. साहेबांनी माझं बोलावणं बघितलं, नंबर बघितला, भुवया वर केल्या. “इतका वेळ कुठं होता?” त्यांनी कानडीत विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. “धारवाड एक उरलीय. बेका, बेडवा?”

हवी की नको. प्रश्न मला विचारला होता. मी शप्पथ घेतली होती म्हणून दातांनी जीभ धरून उभी राहिले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं.

“यजमानरे, तुम्ही सांगा. बेका, बेडवा? मागं लोक आहेत.”

आप्पांनी तोंड उघडलं. कानडीत हवी म्हणजे ‘बेकु’ आणि नको म्हणजे ‘बेडा’. सुरुवात एकच. आप्पा “बे...” म्हणाले आणि अडकले. टाईपरायटरवरच्या बाईंची बोटं वर राहिली. मी आप्पांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते.

“बेकु,” ते म्हणाले. आवाज फुटलाच नाही नीट. त्यांनी खाकरून परत म्हटलं, “बेकु, सार.”

सही करताना त्यांनी पेन साहेबांचंच मागून घेतलं. सावकाश, अक्षर न अक्षर काढून ‘मल्हारराव’ लिहिलं. भिंतीवरच्या घड्याळात राहुकाळ चालूच होता. त्यांनी त्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बाहेर उन्हात आल्यावर मला नाचावंसं वाटायला हवं होतं. पण फुटपाथवर मी त्यांना थांबवलं.

“आप्पा, मनापासून म्हणालात? की नको म्हणता आलं नाही म्हणून?”

“बस येतेय,” ते म्हणाले. “चल लवकर.”

बसमध्ये मला परत विचारायचं होतं, पण त्यांनी खिडकीकडं तोंड केलं होतं. काही काही प्रश्न मी आयुष्यभर विचारत राहणार असं मला तेव्हाच वाटलं.

घरी आईनं दार उघडलं आणि आमची तोंडं बघूनच तिला कळलं. “मिळालं?” एवढंच तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली, डोळे पुसले आणि पदर खोचून आत गेली. दोड्डप्पा सकाळपासून आमच्याकडंच येऊन बसले होते. ते घड्याळाकडं बघून काहीतरी बोलणार होते. आप्पा त्यांना म्हणाले, “अण्णा, आज नको.” दोड्डप्पांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

जेवायची वेळ झाली. आमच्याकडं पानं मी घेते. पाट मांडायचे, पाणी ठेवायचं, आधी दोड्डप्पांना आणि आप्पांना वाढायचं, मग आई आणि मी बसायचं. असंच आहे पहिल्यापासून. मी ताटं काढायला वळले तर आप्पा म्हणाले, “राहू दे. तू बस.” त्यांनी स्वतःचा पाट उचलला, माझ्यासाठी भिंतीशी, पंख्याखाली मांडला आणि आईला म्हणाले, “अगं, आधी तिला वाढ.”

“मला कशाला आधी?” मी हसून म्हटलं. “मी काय पाहुणी आहे?”

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं.

आई साराची पळी हातात धरून उभी राहिली. दोड्डप्पा काही न समजून एकदा आप्पांकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिले. आप्पा खाली बसून रिकाम्या ताटाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मी वाट बघितली. कुणीतरी म्हणेल, छे गं, असं काय बोलतेस. आईतरी म्हणेल.

आई वाकली आणि तिनं माझ्या पानात भात वाढला. वर तूप घातलं, रोजच्यापेक्षा जास्त.